लिनक्सवरील खेळांची तीन दशके: कॅलिफोर्नियापासून कचारगडापर्यंत

१/
मे १९९९. त्या महिन्याच्या पहिल्याच तारखेला, महाराष्ट्र दिनी, भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याच महिन्यात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लोकी सॉफ्टवेअर नावाच्या लहानशा कंपनीने 'सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर' हा संगणकीय खेळ लिनक्स या मुक्त प्रणालीसाठी विक्रीस आणला. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. परंतु सालेकसा किंवा देवरी तालुक्यातील एखादे मूल आज शाळेच्या संगणकापुढे बसते, तेव्हा त्याने काय खेळावे, कोणाच्या परवानगीने खेळावे आणि कोणत्या भाषेत खेळावे, हे ठरविणारा इतिहास त्या दुसऱ्या घटनेच्या आगेमागे घडला आहे. त्या इतिहासाचा हा धागा.

२/
संगणकातील सर्व यंत्रभागांवर हुकमत चालविणारी मूळ आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज ही त्यांतली सर्वांत परिचित. पण तिची अंतर्गत रचना कंपनीच्या कुलपात असते. लिनक्सचे तसे नाही. तिची मूळ संहिता, म्हणजे प्रचलित शब्दांत सोर्स कोड, कोणीही वाचावी, बदलावी आणि इतरांस द्यावी, अशी तिच्या परवान्यातच तरतूद आहे. जगातील बहुसंख्य सर्व्हर आणि महासंगणक लिनक्सवर चालतात. घरातल्या मेजावर मात्र ती कित्येक वर्षे पोहोचली नाही. त्याच्या अनेक कारणांपैकी एक अगदी साधे होते: घरातल्या मुलांना तिच्यावर आवडते खेळ खेळता येत नव्हते.

३/
यात एक विरोधाभास आहे. लिनक्स ज्या युनिक्सच्या धर्तीवर घडली, त्या युनिक्सचा जन्मच एका खेळाच्या निमित्ताने झाला. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेतील केन थॉम्प्सन यांनी 'स्पेस ट्रॅव्हल' नावाचा खेळ लिहिला. सूर्यमालेत यान हाकायचे आणि ग्रह-उपग्रहांवर उतरवायचे, असा तो खेळ. प्रयोगशाळेच्या मोठ्या संगणकावर एका डावाला सुमारे ७५ डॉलर किमतीचा यंत्रवेळ लागे. म्हणून थॉम्प्सन यांनी कोपऱ्यात पडून असलेले पीडीपी-७ हे लहान यंत्र शोधले आणि खेळ त्यावर नेला. त्या खटाटोपात त्यांना ते यंत्र अंतर्बाह्य उमगले आणि त्याच यंत्रावर पुढे युनिक्स आकारास आली.

४/
फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली. तीनच वर्षांनी, १९९४ मध्ये, इड सॉफ्टवेअर या कंपनीतील डेव्ह टेलर यांनी त्या काळी गाजत असलेला 'डूम' हा खेळ लिनक्सवर आणला. डिसेंबर १९९७ मध्ये कंपनीने डूमची संहिता सर्वांसाठी खुली केली, ती लिनक्स आवृत्तीचीच. मूळ आवृत्तीतील ध्वनीचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता. तो उघड करण्याचा अधिकार कंपनीला नव्हता. परक्या मालकीचा एक तुकडा आत असला, की उरलेले सारे स्वतःचे असूनही दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

५/
तरीही एकदोन खेळांनी प्रणाली रुजत नाही. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी डायरेक्टएक्स नावाची यंत्रणा आणली. खेळाला पडद्यावर चित्र काढायचे असो, आवाज काढायचा असो किंवा कळ दाबल्याची दखल घ्यायची असो, तो डायरेक्टएक्सच्या भाषेत निरोप धाडतो आणि विंडोज तो निरोप यंत्रापर्यंत पोहोचविते. खेळ लिहिणाऱ्यांचे काम यामुळे कमालीचे सोपे झाले. पण ही भाषा फक्त विंडोजलाच समजत असे. हजारो खेळ तिच्यात लिहिले गेले आणि लिनक्सच्या दारात येऊन मुके झाले.

६/
या कोंडीवर पहिला धंदेवाईक उपाय शोधला तो लोकीने. स्कॉट ड्रेकर या वकिलाने १९९८ मध्ये ही कंपनी काढली. नामवंत खेळांचे हक्क मिळवायचे, त्यांची संहिता लिनक्ससाठी नव्याने बसवायची आणि डबीत घालून विकायचे, असा तिचा व्यवसाय. कारागिरी उत्तम होती, गणित चुकले. विंडोजची आवृत्ती आधी बाजारात येई, लिनक्सची मागाहून. लिनक्स वापरणाऱ्यांपैकी अनेकांच्या संगणकावर विंडोजही असेच. ते थांबत नसत. ऑगस्ट २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जानेवारी २००२ च्या अखेरीस तिचे दार बंद झाले.

७/
कंपनी बुडाली, पण तिची अवजारे उरली. लोकीतील प्रमुख प्रोग्रामर सॅम लँटिंगा यांनी १९९८ मध्ये एसडीएल नावाचा आज्ञासंच लिहिला होता. एकच खेळ विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालावा, यासाठीचा तो सामायिक पाया. तो मुक्त परवान्याखाली असल्यामुळे कंपनीच्या मालमत्तेबरोबर लिलावात गेला नाही. आजही असंख्य खेळ त्यावर उभे आहेत. मुक्त संहितेचे हेच वैशिष्ट्य या इतिहासात वारंवार दिसते: करणारा थकला, दुकान मोडले, तरी केलेले काम दुसऱ्याला उचलता येते.

८/
दुसरा मार्ग दुभाष्याचा होता. खेळ पुन्हा लिहिण्याऐवजी त्याचे विंडोजच्या भाषेतले निरोप जागच्या जागी लिनक्सच्या भाषेत आणावेत, या कल्पनेतून १९९३ मध्ये 'वाइन' हा प्रकल्प सुरू झाला. पुढच्याच वर्षापासून अलेक्झांडर जुलिअर यांनी त्याची धुरा वाहिली. विंडोजची संहिता बंद असल्याने ती आतून कशी वागते, हे बाहेरून न्याहाळत एकेक वर्तन जुळवावे लागे. वाइनची १.० ही आवृत्ती जून २००८ मध्ये आली. म्हणजे पहिल्या पक्क्या टप्प्यालाच पंधरा वर्षे लागली.

९/
तिसरा मार्ग मुलांच्या खेळांचा, आणि गोंदियासारख्या जिल्ह्यासाठी कदाचित सर्वांत जवळचा. फ्रान्समधील ब्रूनो कूदँ यांनी २००० मध्ये 'जीकॉम्प्री' नावाचा संच सुरू केला. अंक, अक्षरे, आकार, स्मरणशक्ती, बुद्धिबळ असे अनेक लहान खेळ त्यात होते. त्यांनी एक वेगळी युक्ती केली. लिनक्सवर सारे खेळ विनामूल्य. विंडोजवर मात्र त्यांतले थोडेच, बाकीच्यांसाठी शुल्क. मुक्त प्रणाली वापरणाऱ्याला बक्षीस मिळावे, असा हा सरळ हिशेब होता. २०२० मध्ये, प्रकल्पाला वीस वर्षे झाली तेव्हा, ही अट काढून सारे खेळ सर्वांस खुले करण्यात आले.

१०/
या संचाचा मराठीशी थेट संबंध आहे. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या भांडारात जीकॉम्प्रीच्या ध्वनींची भाषावार पॅकेजे असत. हिंदी, पंजाबी आणि उर्दूबरोबर त्यांत मराठीही होती. बालवाडीतल्या मुलाला अजून वाचता येत नाही. खेळाने त्याच्याशी बोलावे लागते. कोणीतरी मराठीत अंक आणि अक्षरे उच्चारून, ध्वनिमुद्रित करून जगाच्या सामायिक भांडारात ठेवली, म्हणून हे शक्य झाले. याच सुमारास रेड हॅटने 'लोहित' ही भारतीय लिपींच्या टंकांची मालिका मुक्त केली होती. म्हणजे पडद्यावर मराठी अक्षर दिसण्याची आणि कानावर मराठी शब्द पडण्याची, अशी दोन्ही सोय झाली होती.

११/
महाराष्ट्रातील एका शाळेत मुले मुक्त प्रणालीवर खेळत असल्याचे दृश्य २००७ मध्येच दिसले. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैरात नावाची वस्ती आहे. तेथील पहिली ते चौथीच्या छोट्या शाळेत, वीसहून थोड्या अधिक मुलांना, 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या आंतरराष्ट्रीय योजनेतील एक्सओ लॅपटॉप देण्यात आले. भारतातील हा त्या योजनेचा पहिला प्रयोग. आदल्याच वर्षी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ती योजना नाकारली होती. त्यामुळे खैरातकडे अनेकांचे लक्ष लागले होते.

१२/
एक्सओची घडण मुद्दाम पाहण्याजोगी आहे. यंत्र बेताचेच: २५६ मेगाबाइट स्मृती आणि १ गिगाबाइट साठवण. आत फेडोरा लिनक्स आणि त्यावर 'शुगर' हे मुलांसाठी रचलेले आवरण. पडद्याच्या दोन्ही कडांना खेळण्याच्या कळा होत्या, जशा हातातल्या व्हिडिओ गेमला असतात. आणि कळफलकावर एक कळ अशी होती, की ती दाबली असता चालू असलेल्या आज्ञावलीची संहिता समोर यावी. जोड्या जुळविण्याच्या एका खेळात मुलाला स्वतःच्या जोड्या घालून नवा खेळ करता येई. खेळणे आणि खेळ उघडून पाहणे, या दोन्ही कळा एकाच यंत्रावर होत्या.

१३/
या लॅपटॉपसाठी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीने आपला जुना 'सिमसिटी' हा नगररचनेचा खेळ दिला आणि जानेवारी २००८ मध्ये त्याची संहिता 'मायक्रोपोलिस' या नावाने मुक्त परवान्याखाली आली. वीज, रस्ते, कर आणि कारखाने यांचा मेळ घालत शहर वसविण्याचा हा खेळ. ज्या मुलाच्या गावात रस्ताच उशिरा आला, त्याने पडद्यावर रस्ता कोठून न्यावा हे ठरवावे, आणि पुढे तो हिशेब संहितेत कसा लिहिला आहे हेही पाहावे. अशी मुभा त्या काळच्या कोणत्याही बंद खेळाने दिली नव्हती.

१४/
पण प्रयोग आणि धोरण यांत अंतर असते. केरळने ते पार केले. तेथील शासकीय शाळांनी २००० नंतरच्या पहिल्या दशकातच मुक्त प्रणालीची कास धरली, आणि पुढे पहिली ते चौथीच्या संगणक पाठ्यपुस्तकाला नावच दिले 'कळिप्पेट्टी', म्हणजे खेळाची पेटी. महाराष्ट्राकडे साधने कमी नव्हती. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकचे मुख्यालय पुण्यातच. त्याच संस्थेने २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली प्रसिद्ध केली आणि शाळांसाठी शैक्षणिक खेळांसह तिची वेगळी आवृत्तीही काढली. तथापि २००१ पासून खेड्यापाड्यांत पोहोचलेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाचा भर विंडोजवर आणि तिच्यावरील कार्यालयीन कामावर राहिला. एका पिढीच्या मनात संगणक म्हणजे विंडोज, हे समीकरण पक्के झाले.

१५/
इकडे मोठ्या खेळांच्या जगात वारे फिरत होते. मे २०१० मध्ये 'हंबल इंडी बंडल' ही विक्री झाली. खेळांचा संच, आणि किंमत ज्याने त्याने ठरवायची. लिनक्स वापरणारे फुकटे असतात, हा समज सार्वत्रिक होता; पण सरासरीने सर्वाधिक किंमत त्यांनीच मोजली. २०१२ मध्ये विंडोज ८ आपले स्वतःचे दुकान घेऊन आली, तेव्हा 'स्टीम' हे खेळांचे सर्वांत मोठे ऑनलाइन दुकान चालविणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल यांनी तिच्यावर जाहीर आणि कडक टीका केली. ज्याच्या अंगणात आपले दुकान, तोच उद्या स्पर्धक झाला तर काय, ही त्यांची धास्ती. १४ फेब्रुवारी २०१३ रोजी लिनक्ससाठी स्टीम खुले झाले.

१६/
पहिला डाव फसला. २०१५ च्या नोव्हेंबरात आलेली लिनक्सवरील 'स्टीम मशीन' ही यंत्रे चालली नाहीत, कारण तिच्यावर खेळच थोडे होते. तेव्हा व्हॉल्व्हने दुभाष्याचा जुना मार्ग धरला. फिलिप रेबोले या तरुणाने 'निअर: ऑटोमाटा' हा आवडता खेळ लिनक्सवर खेळता यावा म्हणून डीएक्सव्हीके नावाचा आज्ञासंच लिहिला होता, डायरेक्टएक्सचे चित्रांचे निरोप तो व्हल्कन या खुल्या भाषेत उतरवीत असे. वाइन आणि डीएक्सव्हीके यांना एकत्र आणून २१ ऑगस्ट २०१८ रोजी 'प्रोटॉन' प्रसिद्ध झाले, तेही मुक्त संहितेसह. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेले 'स्टीम डेक' हे हाती धरण्याचे यंत्र त्याच बळावर उभे राहिले. विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ, मूळ निर्मात्याने काहीही न बदलता, लिनक्सवर चालू लागले.

१७/
याला मर्यादा आहेतच. अनेक स्पर्धात्मक ऑनलाइन खेळांत फसवणूक रोखणारी यंत्रणा संगणकाच्या गाभ्यात शिरून बसते. 'व्हॅलोरंट'सारखे खेळ त्यामुळे लिनक्सवर चालत नाहीत. आणि व्हॉल्व्हचा हेतू परोपकाराचा नव्हता. तिला स्वतःचे दुकान राखायचे होते. तिने विकलेले बहुतेक खेळ बंदच आहेत, इंग्रजीत आहेत आणि महागही आहेत. जगाचे खेळ आत आणणारा हा रस्ता आता बराच रुंद झाला. आपल्या भाषेतले खेळ घडविणारा दुसरा रस्ता मात्र कोणत्याही कंपनीच्या फायद्याचा नसल्यामुळे पायवाटच राहिला.

१८/
गोंदियातील बहुसंख्य मुले लिनक्सवर खेळतात, असे म्हटले तर ते शब्दशः खरे ठरेल. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि हातोहाती अँड्रॉइड फोन गेले. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. पण त्यावरचे खेळ, त्यांची दुकाने आणि त्यांतल्या जाहिराती सर्व कुलूपबंद. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. निर्णय योग्य की अयोग्य, हा वेगळा प्रश्न. पण लाखो मुलांच्या हातातला खेळ दूरच्या दोन दारांमधून आला आणि गेला. मामा तलावांच्या या जिल्ह्याला हे समजावून सांगावे लागत नाही: तलाव गावाचा असला, तरी पाटाचे दार ज्याच्या हाती, पाणी त्याचेच.

१९/
आता प्रश्न जुन्या यंत्रांचा आहे. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राने शाळांसाठी आयसीटी योजना सुरू केली आणि राज्याराज्यांत संगणककक्ष उभे राहिले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि जुन्या संगणकांपैकी पुष्कळांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. शाळेपुढे दोन वाटा उरतात: धड चालणारे यंत्र भंगारात काढणे, किंवा त्यावर हलकी लिनक्स बसविणे. थॉम्प्सन यांच्या हाती आलेले पीडीपी-७ हेही कोपऱ्यातले टाकाऊ यंत्रच होते. जीकॉम्प्री, टक्स पेंट, टक्स मॅथ यांसारख्यांना नवे यंत्र लागत नाही आणि परवान्यासाठी रुपयाही लागत नाही. पेन ड्राइव्हवरून एका गावातून दुसऱ्या गावी नेले, तरी ती चोरी ठरत नाही.

२०/
राहता राहिली भाषा. या जिल्ह्यात प्रमाण मराठीखेरीज झाडीबोली आहे आणि गोंडीही आहे. सालेकसा तालुक्यातील कचारगड हे गोंड समाजाचे मोठे श्रद्धास्थान. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी घडविली. ती २०१७ मध्ये युनिकोडच्या १० व्या आवृत्तीत समाविष्ट झाली आणि तिच्यासाठी नोटो मालिकेतील मुक्त टंकही उपलब्ध आहे. म्हणजे गोंडी अक्षर ओळखायला शिकविणारा खेळ रचण्यातला तांत्रिक अडसर दूर झाला आहे. त्यासाठी कोणा कंपनीकडे अर्ज करावा लागत नाही. लागतो तो मायक्रोफोनपुढे बसून अंक आणि अक्षरे उच्चारणारा गोंडी भाषक, आणि ती जागच्या जागी बसविणारा एखादा विद्यार्थी.

२१/
करमणूक बाहेरून येण्याची वाट न पाहण्याची रीत या भागाला नवी नाही. पुण्यामुंबईच्या नाटक कंपन्या येथवर क्वचितच आल्या; म्हणून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीने स्वतःची झाडीपट्टी रंगभूमी उभी केली. दिवाळीनंतर मंडईचा हंगाम सुरू होतो. गावातले मंडळ पैसे जमविते, मंडप घालते, तिकिटे विकते आणि नाटक रात्रभर चालते. २०२३ मध्ये याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. लोकी बुडाली ती ग्राहक नव्हते म्हणून. झाडीपट्टीचे नाटक टिकले, कारण ते पाहणाऱ्यांनीच उभे केले. जीकॉम्प्रीतील मराठी आवाजही असाच कोणीतरी, कोणाच्या सांगण्यावाचून, देऊन ठेवला. झाडीबोलीतला आणि गोंडीतला आवाज ठेवायला त्याच भांडारात जागा आहे.